इंदूरहून स्वस्त विमानाने: तिकिटापासून पट्ट्यावरच्या बॅगेपर्यंत

इंदूरच्या मराठी घरांत विमानाचं तिकीट बहुतेकदा पुण्या-बंगळूरला राहणारा मुलगा किंवा भाचा काढतो आणि प्रवास आई-बाबा करतात. तिकीट काढणाऱ्याला सामान किती आहे ते ठाऊक नसतं, प्रवास करणाऱ्यांना तिकिटात काय काय धरलंय ते ठाऊक नसतं. ही गाठ काउंटरवर पडते. बॅग काट्यावर चढते, आकडा वीसच्या पुढे जातो, मागे रांग खोळंबते आणि मुकाट्याने कार्ड पुढे करावं लागतं.

स्वस्त तिकिटात कंपनी फक्त खुर्ची विकते. बाकी प्रत्येक गोष्टीला घरी बसून एक भाव असतो आणि काउंटरवर दुसरा. म्हणून खालच्या नऊ टप्प्यांपैकी पहिले पाच घराबाहेर पाऊल टाकण्याआधीचे आहेत. पैसे वाचतात ते तिथेच.

## १. तिकीट शोधताना: कोणता विमानतळ, कोणती वेळ

मुक्कामाच्या शहराचं नाव टाकलं की काम झालं, असं आता राहिलेलं नाही. गोव्यात दोन विमानतळ आहेत: दक्षिणेला दाबोळी आणि उत्तरेला मोपा. मडगावला लग्न असेल आणि तिकीट मोपाचं निघालं, तर वाचलेले पैसे टॅक्सीवाला घेतो. मुंबईचंही तेच. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. बोरिवलीला जाणाऱ्याने तिथे उतरून काय करायचं? पनवेल-खारघरच्या नातेवाइकांसाठी मात्र तो सोयीचा आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळावर टर्मिनल १ आणि टर्मिनल २ एकमेकांपासून चांगलेच लांब आहेत. परतीच्या तिकिटावर टर्मिनलचा आकडा वाचून ठेवा. दिल्लीलाही हीच काळजी.

वेळ निवडताना एवढं लक्षात ठेवा की स्वस्त कंपनीचं एकच विमान दिवसभर या शहरातून त्या शहरात फेऱ्या मारत असतं आणि दोन फेऱ्यांमध्ये त्याला अर्ध्या-पाऊण तासाचीच उसंत असते. सकाळी झालेला वीस मिनिटांचा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो. त्याच दिवशी मुंज, मुलाखत किंवा डॉक्टरची वेळ असेल तर पहिलं विमान घ्या, दोन-पाचशे जास्त पडले तरी. याला अपवाद डिसेंबर-जानेवारीतल्या दिल्लीचा. तिथल्या धुक्यात पहाटेची विमानंच आधी अडकतात, तेव्हा दुपारचं बरं.

इशारा: इंदूर-मुंबई एका कंपनीचं आणि पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन सुटी तिकिटं काढलीत तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. पुढचं तिकीट बुडतं. पुढचा प्रवास परदेशाचा असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) घ्या, नाहीतर मध्ये निदान पाच-सहा तास ठेवा.

## २. नाव, मोबाईल, ईमेल

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि या चुका नंतर पैशांनीही नीट सुटत नाहीत.

तिकिटावरचं नाव हातातल्या ओळखपत्रावरच्या नावासारखंच हवं. आपल्याकडे गोंधळाची कारणं ठरलेली आहेत. मध्य प्रदेशात काढलेल्या आधारवर मधलं नाव बऱ्याचदा नसतं, महाराष्ट्रात काढलेल्यावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. लग्नानंतर आधार बदललं, पण पॅन माहेरच्याच नावावर राहिलं. घरात सगळे ‘ताई’ म्हणतात म्हणून भाच्याने नावाला ताई जोडून टाकलं. आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगची तर तऱ्हाच वेगळी, एकाच घरात दोन-दोन.

उपाय साधा आहे. नाव फोनवर सांगू नका. ज्या ओळखपत्राने प्रवास करणार त्याचाच फोटो पाठवा आणि तिकीट काढणाऱ्याला म्हणा, यातलं अक्षर न् अक्षर बघून टाईप कर. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी काहीही चालतं. फोनमधलं एमआधार किंवा डिजिलॉकरमधली प्रतही चालते, पण व्हॉट्सअपवर आलेल्या आधारच्या फोटोवर भिस्त ठेवू नका. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर नेणार असाल तर त्याचं नावही तिकिटावर घालावं लागतं, आणि वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला जवळ लागतो.

दुसरी चूक मोबाईल नंबरची. तिकीट भाच्याने काढलं की नंबर आणि ईमेल त्याचा. एजंटने काढलं की एजंटचा. विमान दोन तास पुढे ढकलल्याचा मेसेज बंगळूरला मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला जातो आणि आई-बाबा पहाटे चारला अंघोळ करून तयार. याची आणखी एक बाजू फारशी कुणाला माहीत नसते: संपर्काची पुरेशी माहिती तिकिटावर दिलेली नसेल, तर विमान रद्द झाल्यावर मिळणाऱ्या भरपाईवरचा हक्क नियमाप्रमाणे जातो. नंबर प्रवास करणाऱ्याचाच टाका, ईमेल हवं तर भाच्याचं राहू दे.

तपासा: तिकीट आल्याच्या दिवशीच नाव, तारीख, सकाळ-संध्याकाळ, विमानतळ आणि नंबर एकदा मोठ्याने वाचा. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढलेलं आणि किमान सात दिवस पुढचं तिकीट ४८ तासांच्या आत बिनशुल्क रद्द करता किंवा बदलता येतं. हे अठ्ठेचाळीस तास सोन्याचे आहेत. एजंटच्या किंवा दुसऱ्या साइटच्या तिकिटावर त्यांचं वेगळं शुल्क लागू शकतं, म्हणून भाव तिथे बघा आणि तिकीट कंपनीच्या साइटवर काढा.

## ३. पैसे भरण्याआधीची टिकमार्कांची पाहणी

पहिल्या पडद्यावर दिसलेला आकडा आणि शेवटचा आकडा यांच्यात फरक का पडला, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. विमा, खाणं, आधी चढण्याची सोय, बॅग लवकर मिळण्याची सोय, सीट असं बरंच काही वाटेत विचारलं जातं. नको ते सोडून पुढे जाता येतं. त्यासाठीचं बटण बारीक अक्षरांत असतं एवढंच.

सीटचं पान तर असं मांडलेलं असतं की पैसे भरल्याशिवाय पुढे जाता येणारच नाही असं वाटावं. येतं. पैसे न भरता वेब चेक-इनच्या (घरबसल्या नेटवर बोर्डिंग पास काढण्याच्या) वेळी जी मिळेल ती सीट घेता येते. इंदूर-पुणे सव्वा तासाचा प्रवास, त्यात खिडकीसाठी चारशे रुपये का मोजायचे, हे माझं मत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला कडेची सीट मात्र जरूर घ्या. बारा वर्षांपर्यंतचं मूल एकाच पीएनआरवर असेल तर त्याला आई किंवा वडिलांशेजारी बसवायचं, असा विमान वाहतूक महासंचालनालयाचा आदेश आहे. तेवढ्यासाठी सीट विकत घ्यायची गरज नाही.

भाड्याचे प्रकार वाचा. सगळ्यात खालच्या भाड्यात काही कंपन्या चेक-इनचं, म्हणजे काउंटरवर सोपवायचं, सामान धरतच नाहीत, फक्त हातातली बॅग. तो भाव बघून आनंदाने तिकीट काढायचं आणि नंतर १५ किलोचे पैसे वेगळे मोजायचे, हा व्यवहार बहुतेक वेळा आतबट्ट्याचाच ठरतो.

व्हीलचेअर हवी असेल तर ती इथेच, तिकिटाबरोबर मागा. निदान ४८ तास आधी तरी कळवायलाच हवं. ऐनवेळी मागितली तर मिळते, पण वाट बघावी लागते.

## ४. सामान

देशांतर्गत प्रवासाचं नेहमीचं गणित असं: चेक-इनला १५ किलो, हातात ७ किलोची एक बॅग, आणि वर एक पर्स किंवा लॅपटॉपची पिशवी. हातातल्या बॅगेचं माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. काही कंपन्या १५ किलो एकाच नगात मागतात, म्हणजे आठ आणि सात किलोच्या दोन पिशव्या नेल्या तर दुसऱ्या नगाचे पैसे वेगळे. एकाच पीएनआरवरच्या माणसांचं वजन काउंटरवर सहसा एकत्र धरतात. दोघांचे तीस किलो मिळून मोजायला सांगा, पण त्यासाठी तिकिटं एकत्र काढलेली हवीत.

घरी वजन करा. लटकवायचा छोटा काटा दोन-चारशे रुपयांत मिळतो. तो नसेल तर माणसं तोलायच्या काट्यावर आधी नुसतं उभं राहा, मग बॅग उचलून उभं राहा आणि वजाबाकी करा. बॅगेचं स्वतःचंच वजन चार किलो भरतं हे विसरू नका. जुनी कडक सूटकेस असेल तर ती माळ्यावरच राहू दे.

वजन हमखास वाढतं ते लग्नकार्याला जाताना. पैठणी आणि शालू जड, पितळी समई जड, रुखवतातल्या वस्तू तर विचारूच नका. आकडा सोळा-सतराला टेकला तर एखादी जड शाल आणि बूट अंगावर चढवा. वीसला टेकला तर जास्तीचं वजन आदल्या दिवशीपर्यंत कंपनीच्या साइटवर विकत घ्या. तिथला भाव काउंटरपेक्षा कमी असतो. आणि एक विचार करा: चार किलो शेव-नमकीन पुण्याला नेण्याचं भाडं त्या शेवेच्या किमतीला गाठत असेल, तर कुरिअर का करू नये?

आता कुठलं सामान कुठे, ते आपल्या घरांतल्या वस्तूंच्या हिशेबाने.

हातातच ठेवायचं: दागिने, रोख, औषधं आणि त्यांची चिठ्ठी, चष्मा, ओळखपत्र, कार्याचे एक जोडी कपडे. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या तर फक्त हातातच, चेक-इनमध्ये सापडल्या तर बॅग खाली उतरवून तुम्हाला बोलावतात. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची असते, म्हणजे चालते. पण तिच्यावरचा छापील आकडा पुसला गेला असेल तर अडवू शकतात. आणि विमानात तिने फोन चार्ज करत बसू नका.

चेक-इनमध्येच टाकायचं: कात्री, सुरी, अडकित्ता, स्क्रू ड्रायव्हर. लोणचं, साजूक तूप, श्रीखंड, आमरस असं जे काही पातळ किंवा तेलकट ते सगळं, दोन पिशव्यांत बांधून. तिखट, गोडा मसाला आणि जिरावनचा डबाही इथेच. मसाल्याची पूड हातातल्या बॅगेत अडवतात. ओंकारेश्वरहून आणलेलं नर्मदेचं पाणी न्यायचं असेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत, पुन्हा पिशवीत गुंडाळून.

कुठेच न्यायचं नाही: कापूर, काडेपेटी, लायटर, फुलबाज्या. सत्यनारायणाचं किंवा गौरीचं सामान बांधताना कापराची डबी पूजेच्या पिशवीत आपोआप जाते. ती मुद्दाम शोधून बाहेर काढा, कारण कापूर पेट घेणारा पदार्थ म्हणून दोन्हीकडे बंद आहे.

सुकं खोबरं चेक-इनमध्ये चालत नाही, तेही याच कारणाने: त्यात तेल भरपूर. खोबऱ्याच्या वाट्या पुण्यातही मिळतात. ओटीच्या नारळावरून सुरक्षा तपासणीत वाद घालण्यात अर्थ नाही, तोही उतरल्यावर घ्या.

शेव, चिवडा, चकल्या, लाडू, शंकरपाळी हातातून बिनदिक्कत न्या. डिंकाचे लाडू एकावर एक दाबून भरलेला स्टीलचा डबा मात्र पडद्यावर नुसता काळा गोळा दिसतो. डबा वरच ठेवा, उघडून दाखवायला सांगतील.

तपासा: जुन्या प्रवासाचे चिकटे टॅग फाडून टाका. बॅगेच्या आत नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा. काळ्या बॅगेला लाल नाडी बांधा. बंद केलेल्या बॅगेचा एक फोटो काढा. तो उपयोगी का पडतो ते आठव्या टप्प्यात येईल.

## ५. वेब चेक-इन

कंपनीनुसार हे सहसा ४८ तास आधी सुरू होतं आणि सुटण्याच्या एक तास आधी बंद होतं. सुरू झाल्या झाल्या करा. पैसे न देता मिळणाऱ्या सीटांपैकी बऱ्या सीटा आधी जातात आणि शेवटी मधल्या उरतात. पीएनआर आणि आडनाव घातलं की पाच मिनिटांचं काम. बोर्डिंग पास फोनमध्ये फोटो म्हणून जतन करा, कारण दारात नेमकं नेट चालत नाही. वयस्कर मंडळींना कागदी प्रत काढून द्या, त्यांचा जीव शांत राहतो. छापून घ्यायचं राहिलं तरी काउंटरवर पास मिळतो, आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत असं सरकारने २०२२ मध्येच कंपन्यांना सांगितलंय.

आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत पाय पसरायला जागा असते म्हणून ती बाबांना देऊ नका. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि ज्यांना ते दार उघडणं झेपणार नाही अशांना तिथून उठवतात.

डिजियात्रा अॅप इंदूरला चालतं. चेहरा दाखवून दारातून आत जाता येतं. नोंदणी आधार वापरून घरीच करावी लागते आणि प्रत्येक प्रवासाचा बोर्डिंग पास त्यात आधी चढवावा लागतो. हे दारात उभं राहून करायचं काम नव्हे. सक्ती नाही, साधी रांग असतेच.

## ६. घरून किती वाजता निघायचं

मुंबईची अवंतिका एक्सप्रेस हलायला लागली तरी धावत जाऊन डब्यात चढलेली माणसं आपल्या प्रत्येक घरात आहेत. विमानाच्या बाबतीत ती सवय महागात पडते. तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलण्याची असते. तुमच्यासाठी दारं त्याच्या कितीतरी आधी बंद झालेली असतात.

गणित उलटं मांडा. समजा विमान सकाळी ७ चं आहे.

- ६.३५ ला गेट बंद. साधारण २५ मिनिटं आधी.
- ६.०० ला सामान घेणारा काउंटर बंद. बहुतेक कंपन्यांचा ६० मिनिटांचा नियम आहे. ६.०२ ला गेलात तर बॅग घेत नाहीत, आणि बॅग टाकून तुम्ही जात नाही.
- ५.१५ पर्यंत विमानतळाच्या दारात.
- म्हणून रामबाग किंवा सुदामानगरहून साडेचार-पावणेपाचला गाडीत.

देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहरापासून फार लांब नाही, बिजासनच्या टेकडीला लागूनच आहे. पहाटे रस्ता मोकळा असतो. संध्याकाळच्या विमानाला मात्र राजवाड्याकडून बडा गणपती आणि कालानी नगर या पट्ट्यात गाडी रुतून बसते. अनंत चतुर्दशीला किंवा रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी जुन्या शहरातून जायचा विचारही करू नका. विजयनगरच्या बाजूचे लोक सुपर कॉरिडॉरने येतात, त्यांना हा त्रास कमी. पहाटेची टॅक्सी रात्री नोंदवून ठेवली तरी ऐनवेळी रद्द होते, म्हणून शेजारच्या ओळखीच्या ऑटोवाल्याला सांगून ठेवा.

तपासा: निघण्याआधी कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून वेळ बघा. मेसेज आला नाही म्हणजे बदल झाला नाही, असं धरू नका.

## ७. विमानतळावर, याच क्रमाने

दारात तिकीट किंवा पास आणि ओळखपत्र दाखवायचं. ते दोन्ही हातात ठेवूनच रांगेत लागा. निरोप द्यायला आलेले सगळे बाहेरच राहतात. बाबांना आत सोडून येतो, असं ऐनवेळी जमत नाही.

नंतर सामान. वेब चेक-इन झालेलं असेल तर नुसतं सामान देण्याची वेगळी रांग आहे का ते विचारा. बॅग पट्ट्यावर गेली की हातात चिकटवलेला टॅग मिळतो. त्यावरचं शहर वाचा. वाचायला दोन सेकंद लागतात.

तिसरं म्हणजे सुरक्षा तपासणी. ही केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची असते, विमान कंपनीची नव्हे, तेव्हा तिथल्या निर्णयावर कंपनीच्या माणसाशी वाद घालून उपयोग नाही. लॅपटॉप, फोन, पॉवर बँक, चार्जर आणि पट्टा ट्रेमध्ये. खिशातली नाणी आणि किल्ल्या रांगेत असतानाच बॅगेत टाका. बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवान करतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून ट्रेमध्ये टाकू नका. हरवायची भीती तिथेच असते, आणि काढायला सांगितलं तरच काढा. पेसमेकर किंवा गुडघ्यात सांधा बसवलेला असेल तर आधीच सांगा.

इशारा: ट्रेमधून वस्तू उचलल्यावर बाजूला होऊन मोजा: फोन, घड्याळ, पाकीट, पट्टा, ओळखपत्र. ओळखपत्र ट्रेच्या तळाशी चिकटून राहतं.

पाण्याची रिकामी बाटली आत भरून घेता येते. पोहे घरूनच खाऊन निघा किंवा डब्यात घ्या. आतल्या किमती बघून इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीवर वाढलेल्या माणसाला दुःख होतं.

गेट नंबर पासवर छापलेला असला तरी बदलतो. पडद्यावर पुन्हा बघा, त्याच गेटजवळ बसा. स्वस्त कंपन्यांची विमानं अनेकदा बसने गाठावी लागतात. तसं असेल तर पहिल्या बसमध्ये घुसण्यात काहीच मिळत नाही, विमान शेवटच्या बसची वाट बघतंच. थेट पुलावरून चढायचं असेल आणि हातात मोठी बॅग असेल, तरच लवकर उभे राहा, म्हणजे डोक्यावरच्या कप्प्यात जागा मिळते.

चढल्यावर फार काही नाही. छोटी पिशवी समोरच्या सीटखाली. जवळच्या मार्गावर पंख्याचं एटीआर विमान असेल तर सीटा दोन-दोनच्या, वरचे कप्पे लहान, आणि चढायचं मागच्या दाराने. उतरताना कान दडपतात. मुलांना गोळी चघळायला द्या, तान्ह्याला त्याच वेळी पाजा. पुण्याला जाताना आणखी एक पथ्य पाळा: लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. तिथे खिडकीतून फोटो-व्हिडिओ काढायला मनाई आहे, नातवंडांना आधीच सांगा.

## ८. उतरल्यावर

विमान थांबल्या थांबल्या उठून वाकून उभं राहण्याची आपली राष्ट्रीय सवय आहे. दार उघडायला वेळ लागतो आणि पट्ट्यावर बॅग त्याहून उशिरा येते. बसून राहा.

बॅग उचलल्यावर टॅगचा नंबर जुळवा. चाक तुटलंय, बाजू फाटलीय किंवा बॅग आलीच नाही, तर हॉलमधून बाहेर पडण्याआधी कंपनीच्या टेबलावर जाऊन लेखी तक्रार नोंदवा आणि प्रत घ्या. त्याला पीआयआर म्हणतात. घरी जाऊन फोन केला तर ‘तेव्हाच का नाही सांगितलं’ एवढंच ऐकायला मिळतं. बॅगेचा आदल्या दिवशीचा फोटो इथे कामी येतो.

## ९. उशीर झाला, रद्द झालं किंवा तुमचंच चुकलं

इथे लोक एकतर भांडतात किंवा गप्प बसतात. तिसरा मार्ग म्हणजे नियम सांगून मागणं.

अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तासांहून जास्त लांबलं, तर वेळेवर चेक-इन केलेल्यांना खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. इंदूरहून मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद सगळी याच गटात येतात. सहा तासांहून जास्त लांबलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची.

पुरेसं आधी न कळवता विमान रद्द केलं तर परतावा किंवा पर्यायी विमान मिळतंच, वर भरपाईही. एक ते दोन तासांच्या प्रवासाला ही रक्कम ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. मात्र हवामान, संप, हवाई वाहतूक नियंत्रण असं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर रोख भरपाई नाही. तेव्हा काउंटरवर पहिला प्रश्न विचारा: कारण काय, आणि ते लेखी द्याल का? मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा अॅपवर तक्रार करा.

आणि तुम्हीच पोचू शकला नाहीत तर? सगळे पैसे गेले असं समजून बहुतेक लोक तिकीट फाडून टाकतात. तिकिटाच्या रकमेत मूळ भाडं आणि इंधन शुल्काखेरीज विमानतळाचं वापर शुल्क, सुरक्षा शुल्क अशा रकमा असतात. प्रवासच झाला नाही तर या परत करायच्या असतात, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी आणि विमान चुकलं असलं तरी. आपण होऊन कोणी खात्यात टाकेल याची वाट बघू नका. कंपनीच्या साइटवर परताव्याच्या पानावर पीएनआर घाला किंवा ग्राहक सेवेला मेल करा: ‘प्रवास झालेला नाही, करांचा आणि विमानतळ शुल्काचा परतावा द्यावा.’ तिकीट एजंटने काढलं असेल तर पैसे त्याच्याकडे जमा होतात, तेव्हा पाठपुरावा त्याच्याकडेही करा, आणि चार जणांचं कुटुंब असेल तर चौघांचाही मागा.